रुग्णशय्येवरील कात्रणें

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याच्या देहाची चिंता वाहणारे पुष्कळ भेटतात; त्याच्या हातांची चिंता वाहणारा मात्र विरळा. नाडी पाहिली जाते, ताप मोजला जातो, जखमेवरची पट्टी वेळच्या वेळीं बदलली जाते, पथ्याचा भात पुरेसा मऊ शिजला आहे कीं नाहीं याचीही चौकशी होते. परंतु दिवसभर पांघरुणावर पडून राहिलेल्या त्या दोन निरोगी हातांनीं काय करावें, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाहीं. शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतिकाळांत तर ही विसंगति फारच उठून दिसते. दुखणें पोटांत किंवा पायांत होतें, तें काढून टाकलेलें असतें, शरीर आपल्या गतीनें सांधत असतें. पण ज्याचें तें शरीर, त्या माणसाला त्या सांधण्यांत कांहींच काम नसतें. अशा वेळीं एखादा रुग्ण उशाशीं सांचलेलीं औषधांचीं रिकामीं खोकीं, जुन्या लग्नपत्रिका, गतवर्षाची दिनदर्शिका, असें कांहींबाहीं गोळा करतो, कात्री मागतो आणि कातरूं लागतो. एक कंदील होतो, एक पांखरूं होतें, नातवासाठीं एक चार मजली घर उभें राहतें. भेटीला आलेली मंडळी तें पाहून हंसतात आणि म्हणतात, "बरें आहे, तेवढाच वेळ जातो."

या "तेवढाच वेळ जातो" या उद्गाराचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. रुग्णाची ही कारागिरी म्हणजे काळ कंठण्याची केवळ एक युक्ति आहे, कीं तिच्यांत माणसाच्या माणूसपणाला स्पर्श करणारें असें कांहीं आहे? आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. परंतु तो पक्ष घेतला म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि त्याला बगल देऊन पुढें जाणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

प्रथम शस्त्रक्रिया माणसाचें काय करते तें पाहूं. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर ही अशी क्रिया आहे कीं जींत रुग्ण हा कर्ता कधींच नसतो. तो सदैव कर्म असतो. त्याला निजविलें, कापलें, शिवलें, हलविलें, उठवून बसविलें. या साऱ्या वाक्यांत त्याचें स्थान एकच. तापानें फणफणलेला मनुष्य निदान कण्हतो तरी स्वतः. येथें तर शुद्धिही आधींच काढून घेतात. संमतिपत्रावर केलेली सही हें त्याचें शेवटचें कर्तृत्व. त्यानंतर कूस बदलावयाची तर दुसऱ्याच्या हातानें, पाणी प्यावयाचें तर दुसऱ्याच्या परवानगीनें. हें सर्व प्रेमानें होतें, यांत संशय नाहीं; आणि नेमकी हीच गोष्ट त्याला जड जाऊं लागते. कृतज्ञता हा थोर गुण खरा, पण जिची परतफेड करण्याची कांहींच सोय नाहीं अशी कृतज्ञता हळूहळू ओझें होऊन बसते. बरा होत आलेला रुग्ण चिडचिड करतो, हा घरोघरींचा अनुभव आहे. वेदना तीव्र होत्या तेव्हां हा शांत होता, आणि आतां टांके सुटल्यावर याला झालें तरी काय, असें घरचीं माणसें म्हणतात. वस्तुतः यांत नवल नाहीं. वेदना होत्या तेव्हां त्याला निदान सोसण्याचें तरी काम होतें. आतां तेंही उरलें नाहीं. शक्ति परत येऊं लागली आहे, आणि तिला वाट मिळत नाहीं. ज्यानें आयुष्यभर दिलें, त्याला दिवसाचे चोवीस तास नुसतें घ्यावें लागतें.

या बाबतींत फ्रेंच चित्रकार आंरी मातिस याचें चरित्र मनन करण्याजोगें आहे. आजारपण आणि कला यांची गांठ त्याच्या आयुष्यांत दोनदां पडली. पहिल्यानें १८९० च्या सुमारास. उत्तर फ्रान्समधील एका गांवीं तो वकिलाच्या कचेरींत कारकुनी करीत होता. आंत्रपुच्छाच्या विकारानें तो अंथरुणाला खिळला, आणि आईनें करमणुकीसाठीं त्याला रंगांची पेटी आणून दिली. त्या पेटीनें वकिलीचा मार्ग कायमचा सोडविला. दुसरी गांठ पन्नास वर्षांनीं पडली. १९४१ च्या जानेवारींत, वयाची एकाहत्तर वर्षें पुरीं झालीं असतां, पोटांतील कर्करोगासाठीं लियाँ शहरीं त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तिच्यामागून आणखी उपद्रव उद्भवले; तो वांचेल अशी आशा फारशी नव्हती. तो वांचला, तेव्हां त्याची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी त्याला "मरणांतून उठलेला" असें म्हणूं लागल्या. पण देह पूर्ववत् झाला नाहीं. चित्रफलकापुढें तासन्‌तास उभें राहणें संपलें, आणि १९५४ सालीं मृत्यु येईपर्यंतचा त्याचा बहुतेक काळ अंथरुणांत किंवा चाकांच्या खुर्चींत गेला.

त्यानें कात्री हातीं घेतली. त्याचे साहाय्यक पांढऱ्या कागदांवर दाट जलरंगाचे सपाट हात देत. ते वाळले कीं मातिस कागद हातांत धरून कातरूं लागे. मग साहाय्यकांनीं ते तुकडे त्याच्या सांगण्याप्रमाणें भिंतीवर टांचणीनें लावावे, काढावे, दोन बोटें सरकवून पुन्हां लावावे. कित्येकदां आकार कापून घेतल्यावर जें भोंक पडलेलें कागदाचें अंग उरे, तेंही तो चित्रांत वापरी. फेकण्याजोगें त्याला थोडेंच दिसत असे. या कात्रणांतून १९४७ सालीं "जॅझ" हें वीस चित्रांचें पुस्तक निघालें, आणि वांस या गांवच्या लहानशा प्रार्थनामंदिराच्या रंगीत कांचाही कातरलेल्या कागदांवरूनच ठरल्या. या मंदिराची हकीगत आमच्या विषयाशीं निकट संबंध असलेली आहे. १९४२ सालीं ज्या तरुणीनें मातिसची शुश्रूषा केली, ती पुढें जोगीण झाली. तिच्या मठाला प्रार्थनेसाठीं चांगली जागा नव्हती. आणि तिच्या निमित्तानें सत्तरी उलटलेल्या त्या रुग्णानें तें काम अंगावर घेतलें. १९५१ सालीं मंदिर पुरें झालें. केवळ घेणाऱ्याचा देणारा झाला, आणि कृतज्ञतेचें ओझें होतें तिची निर्मिति झाली.

येथें एका गैरसमजाचें निराकरण केलें पाहिजे. असल्या कथा ऐकून कांहीं भाविक मंडळी असा सिद्धान्त काढतात कीं आजार हीच देणगी, दुःख हाच गुरु. हा सिद्धान्त आम्हांस मान्य नाहीं. मातिसनें शस्त्रक्रियेपूर्वीं दहा वर्षें एका मोठ्या भित्तिचित्राची मांडणी ठरवितांना कागद कातरून पाहिले होते. कात्री त्याला रोगानें दिली नाहीं. रोगानें त्याच्यापासून पुष्कळ गोष्टी हिरावून घेतल्या, आणि जें उरलें त्याकडे त्यानें नीट पाहिलें, एवढेंच सत्य आहे. हिरावून घेणाऱ्याला दात्याचा मान देण्याचें कारण नाहीं. रुग्णाच्या खाटेशीं बसून "यांतूनही कांहीं चांगलेंच निघेल" असें सांगणारे लोक त्याच्या दुःखाची जी किंमत करतात, तिला सहानुभूति म्हणणें कठीण आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मातिस कागद कातरीत होता तीं वर्षें कोणतीं होतीं? फ्रान्स जर्मनांच्या टांचेखालीं होता. १९४४ सालीं त्याची पत्नी व मुलगी यांना प्रतिकाराच्या चळवळीला साहाय्य केल्याबद्दल पकडण्यांत आलें. मुलीचा अमानुष छळ झाला. अशा काळांत रंगीत कागदांचे पक्षी कापीत बसणें हें पलायन नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि कात्री हें जुलमाला उत्तर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु कर्तव्य हें शक्तीच्या मापानें मोजावें लागतें. जो उठूं शकत नाहीं त्याला रणांगणाचा जाब विचारतां येत नाहीं. त्याच्या हाताच्या टप्प्यांत जें आहे त्याचें त्यानें काय केलें, एवढेंच विचारतां येतें. शिवाय हीं कात्रणें सुखासीन माणसाचीं नव्हेत. "जॅझ"मधील इकॅरसचें चित्र पाहावें: निळ्या पोकळींत एक काळी आकृति, भोंवतीं पिवळे स्फोटासारखे तारे, आणि छातीच्या ठिकाणीं एक लाल ठिपका. ज्यानें भय ओळखलें नाहीं त्याच्या हातून तो ठिपका त्या जागीं पडला नसता.

यावर वाचक म्हणतील, मातिस हा प्रतिभावंत. त्याच्या कात्रणांसाठीं संग्रहालयें आहेत. औषधाच्या खोक्यांचीं घरें करणाऱ्या आमच्या काकांशीं त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो एका लहानशा हकीगतींतून स्पष्ट होतो. १९४६ सालीं पॅरिसमधील आपल्या घरीं असतां मातिसनें पत्र लिहिण्याच्या कागदाचा एक पक्षी कापला. तो आकार फेकून देववेना. आणि समोरच्या भिंतीवर एक डाग होता, तो डोळ्यांना सारखा खुपत असे. त्यानें तो पक्षी त्या डागावर लावावयास सांगितलें. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. असें करतां करतां पूर्वीं ताहितीच्या प्रवासांत पाहिलेलें आकाश व समुद्र यांनीं ती भिंत भरून गेली. पुढें जें झालें तें प्रतिभेचें. पण पहिला पक्षी? तो कोणत्याही रुग्णाचा आहे. भिंतीवरचा डाग उभ्या माणसाला दिसत नाहीं. तो येतो आणि जातो. जो दिवसचे दिवस एकाच दिशेला तोंड करून पडलेला असतो, त्यालाच तो दिसतो. त्या डागाला शरण न जातां त्यावर कागदाचा एक तुकडा लावणें, हें कर्म माणसाला पुन्हां कर्त्याच्या जागीं बसवितें. पक्षी सुबक आहे कीं बेढब, हा प्रश्न त्यानंतरचा.

आतां टाकाऊ वस्तूंच्या उपयोगाकडे वळूं. "टाकाऊंतून टिकाऊ" ही गोष्ट महाराष्ट्रांतील गृहिणींना कोणी शिकविण्याची गरज नाहीं. जुन्या लुगड्यांची गोधडी, वर्तमानपत्राच्या पुड्या, पत्रिकांचे दोरे काढून ठेवलेले डबे, हा आमचा पिढीजाद संसार. मात्र या आचारामागें दोन निरनिराळे भाव असूं शकतात. एक काटकसरीचा. त्याचा आदर्श महात्मा गांधी. १९२४ च्या जानेवारींत, येरवड्याच्या तुरुंगांत असतां, पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली. ती चालू असतांना विजेचा दिवा गेला आणि कंदिलाच्या उजेडांत ती पुरी करावी लागली. पुढें सुटका झाल्यावर ते जुहूच्या किनाऱ्यावर विश्रांतीसाठीं राहिले. हेच गांधी आलेल्या पत्रांचीं पाकिटें उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत असत, हें सर्वश्रुत आहे. कागदाचा कोरा भाग वायां घालविणें म्हणजे ज्याच्या श्रमानें तो झाला त्याचा अपराध करणें, हा त्यांचा भाव. दुसरा भाव लीलेचा आहे. पोराला फाटका कागद दिसला कीं त्याची होडी होते. ती काटकसर नव्हे. तो कागदाला "तूं आणखी काय होऊं शकतोस?" असें विचारीत असतो. रुग्णाच्या कारागिरींत हे दोन्ही भाव मिसळलेले असतात: वायां जाऊं न देण्याची प्रौढ माणसाची संवय, आणि काय होईल तें पाहण्याचें मुलाचें कुतूहल.

आणि येथेंच तो अवघड प्रश्न येतो. टाकून दिलेली वस्तु आणि अंथरुणावरचा मनुष्य यांच्यांत एक मूक नातें असतें. आपल्या भाषेंत निकामी झालेला मनुष्य "अडगळींत पडतो". वस्तूंचाच शब्द आपण माणसाला लावतों. रुग्णाच्या मनांत हा शब्द घर करून असतो. म्हणून जेव्हां तो रद्दीचा कागद उचलून त्याचा कंदील करतो, तेव्हां तो जणूं स्वतःविषयींच एक विधान करीत असतो कीं संपलें असें वाटलेलें संपलेलें नसतें. हें विधान मनाला उभारी देणारें आहे. परंतु तें जरा खोलांत जाऊन तपासलें तर त्यांत एक धोका दिसतो. रद्दीचा कागद मौल्यवान ठरला तो कंदील झाल्यामुळें. मग ज्या कागदाचा कंदील झाला नाहीं तो रद्दीच काय? ज्याचे हात कांपतात, ज्याला कात्री धरवत नाहीं, जो पक्षाघातानें पडून आहे आणि ज्याच्याकडून यापुढें कांहींच घडणार नाहीं, तो मनुष्य अडगळ ठरला काय?

या प्रश्नाला "नाहीं" असें ठाम उत्तर ज्या विचारानें देतां येत नाहीं, तो विचार कितीही गोड असला तरी टाकून दिला पाहिजे. आमचें उत्तर असें. काम हा रुग्णाचा अधिकार आहे. ती त्याच्या मोलाची अट नव्हे. माणसाचें मोल त्यानें कांहीं केल्यानें निर्माण होत नाहीं, तें आधींच असतें; कर्मानें त्याला त्याची आठवण होते, इतकेंच. दिवा लावल्यानें खोलींतील वस्तु उत्पन्न होत नाहींत, दिसूं लागतात. ज्याला स्वतः दिवा लावतां येत नाहीं, त्याच्यासाठीं तो दुसऱ्यानें लावावयाचा असतो: त्याच्याशीं बोलून, त्याचें मत विचारून, खिडकी कोणती उघडूं हें त्याला ठरवूं देऊन. निवड करणें हेंही कर्तृत्व आहे, आणि तें डोळ्यांच्या खुणेनेंही करतां येतें. मातिसचे तुकडे भिंतीवर लावणारे हात दुसऱ्यांचे होते. जागा मात्र त्याची होती.

हस्तव्यवसायाचा रुग्णाला उपयोग होतो, ही गोष्ट वैद्यकानें कधींच ओळखली आहे. सुझन ट्रेसी या अमेरिकन परिचारिकेनें १९१० सालीं रुग्णांच्या उद्योगांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली, तिचें श्रेय कमला निंबकर यांना आहे. जन्मानें अमेरिकन असलेल्या या बाईंनीं हिंदुस्थान आपलें मानलें होतें. या शास्त्राविषयीं आम्हांस आदर आहे. पण शास्त्राला एक गोष्ट कागदावर लिहून देतां येत नाहीं. काम हें औषध म्हणून, दिवसांतून दोन वेळां, घड्याळ लावून केलें, तर बोटांना व्यायाम मिळेल. मन मात्र पुन्हां रुग्णच राहील, कारण पुन्हां तें कोणाच्या तरी उपचाराचा विषय झालें. कागद कातरणारा माणूस बरा होण्यासाठीं कातरूं लागला कीं त्याचें लक्ष कागदावरून उडतें आणि स्वतःच्या नाडीवर जातें. कंदिलासाठींच कंदील केला, तर त्या अर्ध्या तासांत तो स्वतःला विसरतो. आणि रुग्णाला स्वतःचा विसर पडण्यासारखी दुसरी विश्रांति नाहीं. फलाची आशा सोडून कर्म करावें हा आमच्याकडील जुना उपदेश. रणांगणावर तो किती पाळला जातो कोण जाणे, पण रुग्णशय्येवर तो अक्षरशः व्यवहारोपयोगी आहे.

उरला प्रश्न भोंवतालच्या मंडळींचा, आणि त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें. रुग्णानें केलेल्या वस्तूची खोटी स्तुति करूं नये. लहान मुलाला म्हणावें तसें "अरे वा, किती छान!" ऐकलें कीं साठ वर्षांचा मनुष्य तत्काळ ओळखतो कीं आपली गणना आतां कोठें होऊं लागली. त्यापेक्षां "या कोपऱ्याला खळ कमी पडली आहे, भाऊ, सुटेल तो," असें म्हणावें. दोष दाखविणें म्हणजे समोरच्याला कारागीर समजणें. त्याची कात्रणें केर म्हणून न विचारतां झाडून टाकूं नयेत. त्याच्या वतीनें आपण कातरूं नये. कागद आणून द्यावा, डिंक कालवून द्यावा, आणि थांबावें. साधलें तर त्याच्याकडून शिकावें. घरांतल्या मुलीनें खाटेच्या कडेवर बसून "आजोबा, ही घडी कशी घालायची?" असें विचारलें, तर दिवसभर घेणारा तो मनुष्य त्या घटकेपुरता दाता होतो, आणि तो प्रश्न खरा असला पाहिजे, दया म्हणून विचारलेला नव्हे.

पुढें टांके जिरतात, पाय जमिनीला लागतात, मनुष्य कामावर जाऊं लागतो. कागदाच्या वस्तु पावसाळ्यांत दमट होतात, डिंक सुटतो, आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईंत तीं घरें आणि तीं पांखरें पुन्हां रद्दींत जातात. त्याबद्दल खेद मानण्याचें कारण नाहीं. तीं टिकण्यासाठीं झालींच नव्हतीं. ज्या दिवसांत एका माणसाला आपण केवळ सांभाळण्याची वस्तु आहों असें वाटूं लागलें होतें, त्या दिवसांत त्यांनीं त्याला निराळें कांहीं सांगितलें, आणि त्यानें तें ऐकलें. त्यांचें काम तेथेंच पुरें झालें. भेटीला जाणाऱ्या मंडळींनीं मात्र पुढच्या खेपेस, "तेवढाच वेळ जातो" असें म्हणण्यापूर्वीं, हातांतली फळांची पिशवी खालीं ठेवावी आणि जातांना तिचा कागद खाटेवर राहूं द्यावा.